कोरीटचे टमाटे

विहिरीकडच्या तुकड्यात दोन पावसाळे नुसतं गवत वाढलं. बाकीची जमीन वाटून झाली होती. हेमकांतकडे केळी आणि ऊस आला, धाकट्या योगेंद्रकडे कापसाचं रान. चुली वेगळ्या झाल्या, योगेंद्र आणि त्याची बायको रुपा लोणखेड्याच्या नव्या घरात राहायला गेले, कपाटं, कोठ्या, पितळी हंडे इकडचे तिकडे झाले. अडकला तो एवढाच तुकडा. माती काळीभोर आणि खोल, आणि उत्तरेच्या टोकाला ती विहीर, जी भर उन्हाळ्यातही तळ दाखवत नाही. दोघा भावांना विहिरीकडचंच अर्धं हवं होतं. शेवटी त्यांच्या वडिलांनी, बन्सीलाल आबांनी, वैतागून सांगून टाकलं, "तुमनं ठरत नही तवलग त्यामा कोणी नांगर घालानं नही." आणि खरोखरच कोणी घातला नाही.

हेमकांतच्या बायकोला, नूतनला, ते गवत रोज दिसे. गोठ्यात जाताना दिसे, धुणं वाळत घालताना दिसे. लग्न होऊन ब्राह्मणपुरीत आल्यापासून तिने या घरच्या मजुरांना चहा नेला होता, निंदणी केली होती, केळीचे घड मोजून गाडीत चढवले होते. पण कोणत्या वावरात काय पेरायचं हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. त्या श्रावणात मात्र ती राखीला कोरीटला, माहेरी गेली, आणि सिंधुबाई काकूने तिच्या हातावर एका चिंधीत बांधलेलं चिमूटभर बी ठेवलं.

"तुन्ही मायना टमाटाना बी शे," काकू म्हणाली. "मी दर साली एखादा वेल ठेवस. आते मन्हाकडथीन व्हत नही."

नूतनला ते टमाटे आठवले. माहेरच्या विहिरीच्या भिंतीला धरून माणसाच्या डोक्यावर जाणारे वेल, आणि दोन्ही तळव्यांत मावणार नाही असं गुलाबीसर लाल, वळ्या पडलेलं फळ. आत बी थोडं, गर जाड. साल पातळ म्हणून दूरच्या बाजारात जायचं नाही, वाटेतच फुटायचं. तेवढ्यासाठी सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर ती थेट आबांच्या खाटेजवळ गेली.

"आबा, विहिरीकडला तुकडा माले द्या. एक हंगाम. टमाटे लावसू."

आबा सुपारी कातरत होते. "हेमकांतले इचारं का?"

"त्यास्ले इचारं ते ते केळी लावतीन. भाऊजीस्ले इचारं ते ते आणखी काही लावतीन. म्हणीसन तुमले इचारी ऱ्हायनी."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "गवतपेक्षा टमाटा बरा," ते म्हणाले. "पण एकच हंगाम."

हेमकांतला हे जेवताना कळलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि म्हणाला, "ते वाणनं फळ शहाद्यालोंग बी धड जात नही." नूतनने त्याच्या ताटात आणखी वरण वाढलं. पुढे तो काही बोलला नाही, म्हणजे त्याने मनाई केली नाही, एवढं तिने धरून घेतलं.

रोपांचे ट्रे आणि कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, शहाद्याहून आलं. ट्रेच्या एका घरात एक बी, वर बोटाने अलगद भुसा सारायचा, झारीने पाणी. ओसरीच्या कोपऱ्यात, ऊन तिरपं येतं तिथे, ट्रे मांडले. नूतन सकाळी उठली की तोंड धुण्याआधी तिथे जाई. पहिले कोंब वाकलेल्या मानेने वर आले तेव्हा दगूबाई, तिची सासू, काठी टेकत बघायला आली. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून ती ओसरीच्या पलीकडे फारशी जात नसे. "देख, कसा नमस्कार करी ऱ्हायनात," म्हातारी म्हणाली, आणि मग रोज सकाळी तिथेच खुर्ची टाकून बसायला लागली. चिमण्यांना हाकलायचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

रुपाला हे सासूकडूनच फोनवर कळलं असणार. एका दुपारी तिची स्कूटी अंगणात उभी राहिली.

दोघी जावांमध्ये चुली वेगळ्या झाल्यापासून 'आलीस का, बस' एवढंच बोलणं उरलं होतं. वाटणीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, रुपा म्हणाली होती की या घरात मिठाचा खडासुद्धा मोठीला विचारून टाकावा लागतो. नूतन ते विसरली नव्हती. आत्ता रुपा ट्रेसमोर उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "ताई, अर्धा तुकडा आमना शे."

"शे ना."

"मंग अर्धी रोपं बी आमनी."

नूतनला वाटलं, आता भांडण. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. "रोपं तुन्ही, ते पाणी देवानं बी तुन्हं, बांधणी बी तुन्ही. नुसता टमाटा न्यावाले येशी ते चालाव नही."

"मी कवय म्हनं नुसता न्यावाले येसू?" रुपाने विचारलं. दुसऱ्या दिवशी ती जुना ड्रेस घालून, डोक्याला रुमाल बांधून आली.

दसऱ्यानंतर उन्हाचा ताव उतरला तेव्हा संध्याकाळच्या वेळी रोपं जमिनीत गेली. योगेंद्रचं शहाद्यात ठिबक सिंचनाचं दुकान. त्याने नळ्या पाठवल्या, स्वतः मात्र आला नाही. त्या तुकड्यात आपण पाय ठेवला तर मोठा भाऊ काय म्हणेल, याचा त्याला अजून अंदाज नव्हता. कडेने मक्याच्या दोन ओळी लावल्या, कारण शेजारच्या कापसातून पांढरी माशी उडून येते आणि टमाट्याची पानं चुरगळून टाकते. मधे मधे झेंडू. तरी काही रोपांची पानं आखडलीच. रुपा औषध मारू म्हणत होती. नूतनने ती रोपं मुळासकट उपटली, पिशवीत घातली आणि बांधापलीकडे नेऊन जाळली. रुपाला वाईट वाटलं. त्यातली दोन-तीन तिने स्वतःच्या हाताने लावलेली होती.

मग बांबू रोवले, वर तार ताणली, तारेवरून सुतळ्या सोडल्या. या वाणाची तऱ्हाच अशी की वेल थांबतच नाही. आज सुतळीला गुंडाळावा, चार दिवसांनी त्याचा शेंडा पुन्हा वाऱ्यावर डोलत असतो. पानाच्या बगलेतून फुटवे येतात, ते खुडून एकच खोड वर न्यायचं, तरच फळ मोठं होतं. खोड जड आणि ठिसूळ. एकीने ते सावरून धरायचं, दुसरीने सुतळीचा वेढा द्यायचा. एकटीने केलं तर हमखास मोडतं. त्यामुळे वेलाच्या अल्याड एक आणि पल्याड एक, अशा दोघी तासन्‌तास समोरासमोर उभ्या राहात. पानांतून तोंड नीट दिसत नसे. कदाचित त्यामुळेच बोलणं सोपं झालं. पोरांच्या परीक्षा, सासूचा खुबा, लोणखेड्याच्या घरात दुपारी किती सुनं वाटतं ते. मिठाच्या खड्याचा विषय मात्र दोघींनी काढला नाही.

नोव्हेंबरात नूतन एका लग्नाला कोरीटला गेली. परत आली तेव्हा विहिरीजवळच्या एका संपूर्ण रांगेचे शेंडे खुडलेले होते. वेलांना डोकीच नव्हती. बगलेतले फुटवे मात्र जागच्या जागी.

रुपा बांधावर उभी होती. तिने नूतनचा चेहरा पाहिला आणि तिचा स्वतःचा उतरला. "चुकनं का?"

नूतनच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. माझ्याशिवाय एक दिवस धड जात नाही, हे आलं. विचारायला काय झालं होतं, हेही आलं. ते सगळं तिने गिळलं, कारण तिला एकदम दिसलं की यातलं एक जरी वाक्य बाहेर पडलं तर उद्या स्कूटी येणार नाही.

"शेंडा नही, बगलमाना फुटवा खुडाना व्हता," ती म्हणाली. "मी दखाडाले पाहिजे व्हतं. ये इकडे. हाऊ वरला फुटवा देख, ठसठशीत शे. याले ऱ्हाऊ दे. हाऊच आते शेंडा व्हई."

"व्हई का खरंच?"

"मन्ही मायना वेल बकरीनी खाई टाकेल व्हता. तवय तिनी असंच करेल व्हतं."

रुपा हसली, आणि मग डोळे पुसले. ती रांग मागे पडली खरी, पण वाढ थांबल्यामुळे तिच्यावर आधी धरलेली फळं लवकर फुगली. डिसेंबरच्या गार रात्रींत सगळ्याच वेलांना फळ धरलं. एका घोसात तीन-चार ठेवून बाकीची लहान असतानाच काढली. दगूबाईला ते पाहवेना. काढलेल्या हिरव्या फळांचं तिने लोणचं घातलं.

एकदा रात्रभर वारा सुटला आणि कडेचे खांब कलले. फळांच्या वजनाने तार झोळीसारखी लोंबायला लागली. दुपारी माणसं बोलावून खांब सरळ करू असं नूतनने ठरवलं. पण न्याहारी आटोपून ती गेली तर खांब आधीच ताठ उभे होते, प्रत्येकाला मागून खुंटी ठोकून ताण दिलेला. दोर निळा होता, केळीच्या झाडांना आधार बांधायचा. ती त्या दोराला हात लावून थोडा वेळ उभी राहिली. घरी येऊन तिने हेमकांतला चहा दिला. तो वर्तमानपत्र वाचत होता. तिने काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही.

संक्रांत झाली आणि आबांनी निरोप धाडले: तुकड्याचा निकाल लावायचा. दगूबाईचे भाऊ शांतीलाल मामा टेप आणि दोर घेऊन येणार, दोन्ही मुलांनी हजर राहायचं. नेमका तोच आठवडा पहिल्या तोडणीचा. दगूबाईने फर्मान काढलं, "बसानं ते वावरमाच बसा. मी बी येसू. जेवण तठेच."

म्हणून त्या रविवारी विहिरीकडच्या लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या गेल्या. दगूबाईला खुर्चीसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं. नूतन आणि रुपा उजाडल्यापासून तोडत होत्या. देठ हाताने मोडायचा नाही, कात्रीने कापायचा, आणि फळ क्रेटमध्ये पेंढ्यावर एकाच थरात ठेवायचं. शांतीलाल मामांनी चपला काढल्या, एक टमाटा उचलला, दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला. "हाई टमाटं शे का खरबूज," ते म्हणाले. पण मग खाकरून त्यांनी टेप सोडली, कारण आले होते ते त्यासाठी.

नूतन चुलीपाशी शेवभाजीचा रस्सा ढवळत होती. कान मात्र तिकडे होते.

"रांगा इहिरपाईन खाले येतस," मामा म्हणाले. "दोर आडवा जाई. कुंपण घाला ते मधला वेल कटतीन."

"कटू द्या," हेमकांत म्हणाला. "एक हंगामना ठराव व्हता."

"दोर मंग मारा," योगेंद्र म्हणाला. "पहिले इहीर कोणाकडे ते सांगा."

"इहीर मन्हाकडे. केळीले रोज पाणी लागस."

"मी काय जलमभर कापूसच लावसू का? उद्या मी बी केळी लावसू."

"दुकान सोडीसन?"

"तुले काय करनं शे मन्हा दुकाननं?"

वाटणीच्या वेळी हेच शब्द याच क्रमाने झाले होते. तेव्हा नूतन चहाचे कप ठेवून आत निघून गेली होती. इथे आत जायला दार नव्हतं. तिने पळी पातेल्यावर आडवी ठेवली, हात पदराला पुसले आणि सतरंजीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"आबा, मी बोलू का?"

हेमकांतने मान वळवली. ती आपल्या बाजूने बोलायला आली आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं.

"बोल," आबा म्हणाले.

"हाऊ तुकडा वाटू नका. आम्हले द्या. माले आनि रुपाले. आम्ही दोन्ही मिळीसन करसूत. पाणी दोन्ही भाऊस्नी घ्यावं, जसं आते घेतस."

मामांच्या हातातली टेप सर्रकन आपोआप मिटली.

"तू मन्हाकडथीन बोली ऱ्हायनी का मन्हा विरोधमा?" हेमकांतने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"दोन्ही नही. वावरनं बोली ऱ्हायनी."

"मी बी तेच म्हणस," रुपा मागून म्हणाली. तिच्या हातात कात्री होती.

योगेंद्र वळला. "तू कवय ठरावं हाई?"

"आत्ते."

दगूबाई खुर्चीत हसली. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी दोघी सुनांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक चूल तुमले ठेवता उनी नही," ते सावकाश म्हणाले. "वावर कसं ठेवशात? उद्या भांडण व्हयनं ते मी कोठे जाऊ?"

प्रश्न खरा होता. हाच प्रश्न तिने स्वतःलाही विचारून पाहिला होता. बोलली ती रुपा.

"आबा, चूलवर एकच जणनं काम ऱ्हास. दुसरी नुसती उभी ऱ्हास, आनि उभी ऱ्हायनी म्हणजे बोलस. मी बी भलतं बोलनी व्हती." तिने एकदा नूतनकडे पाहिलं. "अठे तसं नही. एकलीनी हाऊ वेल बांधताच येत नही. मी करी देखेल शे. मोडस."

आबांनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. योगेंद्रने खांदे उडवले. "माले चालस," तो म्हणाला. "दादाकडे जात नही, मन्हाकडे येत नही. बरोबर शे."

आता सगळे हेमकांतकडे पाहू लागले. तो पाण्याच्या नळीकडे बघत होता. "सोळा वर्षना व्हतू तवयपाईन या इहिरवर पाणी धरी ऱ्हायनू," तो म्हणाला. "आते अठे पाय ठेवाना ते बायकोले इचारनं पडी."

कोणाला हसू आलं नाही. नूतन त्याच्यासमोर जाऊन खाली बसली. एवढ्या माणसांत ती त्याच्याशी इतक्या जवळून कधी बोलली नव्हती.

"वारा सुटना व्हता तवय खांबस्ले ताण कोणी दिन्हा?" तिने विचारलं.

त्याने नळीवरची माती बोटाने पुसली.

"तवय कोणले इचारं व्हतं?"

"मी देखं," दगूबाई मधेच म्हणाली. "झुंजूमुंजू व्हतं. खांद्यावर दोर, हातमा घण. माले वाटनं आबाच तरणा व्हई गया."

हेमकांतचा चेहरा लालसर झाला. त्याने हात पुढे करून समोरच्या क्रेटमधलं एक फळ उचललं, अंगठ्याने त्याच्या वळ्या चाचपल्या आणि पुन्हा पेंढ्यावर ठेवलं, देठ वर येईल असं. "पडनं असतं ते सगळं वाया गयं असतं," तो पुटपुटला. मग जरा मोठ्याने, "आबा, तुम्ही म्हणशात तसं."

"मी कसाले म्हणू," आबा म्हणाले, "म्हणनाऱ्या म्हणी गयात." आणि मामांच्या हातातली टेप घेऊन त्यांनी आपल्या बंडीच्या खिशात टाकली. "शांतीलाल, जेवानं देखा आते."

जेवण लांबलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, टमाट्याच्या रश्श्यातली शेवभाजी, भाजलेल्या टमाट्याची लसूण घातलेली चटणी, आणि नुसतं मीठ लावलेल्या जाड चकत्या, ज्या सगळ्यात आधी संपल्या. दोघे भाऊ शेजारी बसले नाहीत, पण चटणीचं भांडं योगेंद्रने न मागता हेमकांतकडे सरकवलं. मामांनी आपल्या घरासाठी एक क्रेट मागितला; नूतनने रुपाकडे पाहिलं, रुपाने मान डोलावली, मगच तो त्यांच्या गाडीत चढला. शहाद्याच्या दोन खानावळीवाल्यांशी रुपाने आधीच बोलून ठेवलं होतं. बाकीचा माल तिने तिकडे पाठवला.

दुपार कलली. पाहुणे गेले, दगूबाईची खुर्ची ट्रॉलीतून परत गेली, रुपाची स्कूटी धूळ उडवत रस्त्याला लागली. नूतन रिकामे क्रेट एकात एक घालत होती. तेवढ्यात रांगेच्या दुसऱ्या टोकाने हेमकांत आला. अर्धवट पिकलेल्या फळांकडे बघत, कुठे पान बाजूला सारत तो तिच्यापर्यंत पोचला आणि उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं आणि ते कसं बोलायचं हे त्याला माहीत नसावं.

"दुसरी तोडणी," तो अखेर म्हणाला. "उद्या करनी शे का? किती माणसं सांगू?"

नूतनने हातातला क्रेट खाली ठेवला. वेलांवरून नजर फिरवली. वरच्या घोसांतल्या फळांच्या देठाशी अजून हिरवट छटा होती.

"उद्या नही. रंग भरू द्या. परवा," ती म्हणाली. "चार बाया पुरतीन. हलक्या हातना पाहिजे."

त्याने खिशातून फोन काढला आणि मजुरांच्या मुकादमाला, दिवाल्याला लावला. तो पलीकडून काहीतरी विचारत होता. हेमकांत ऐकत राहिला, आणि मग नेहमीच्या, वावरातून हाक मारायच्या चढ्या आवाजात म्हणाला, "नही रे. परवाच या. तुन्ही वहिनीनी सांगेल शे."